निषेध, बंदी आणि मुक्ती : चांदा वनप्रदेशातील मूल्यपालटाचा एक विचार

समाजाची मते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात आणि काही काळाने पुन्हा मागे वळतात, ही कल्पना फार जुनी आहे. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस याने राज्यपद्धतींचे चक्र वर्णिले; चौदाव्या शतकात इब्न खल्दून याने राजसत्तेचे आयुष्य तीन पिढ्यांच्या मापाने मोजले. विसाव्या शतकात कार्ल मानहाइम याने १९२८च्या आपल्या निबंधात या विचाराला समाजशास्त्रीय बैठक दिली. पिढी म्हणजे केवळ समवयस्कांचा समूह नव्हे; तारुण्याच्या उंबरठ्यावर एकाच ऐतिहासिक घडामोडीचा ठसा ज्यांच्या मनावर उमटला, त्यांची मिळून पिढी होते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९८६मध्ये आर्थर श्लेसिंगर (धाकटे) यांनी अमेरिकेच्या राजकारणात सार्वजनिक ध्येयवाद आणि खासगी हित यांची सुमारे तीस वर्षांची आवर्तने दाखविण्याचा प्रयत्न केला. त्याआधी १९८२मध्ये अल्बर्ट हर्शमन यांनी याच पालटाचे कारण अपेक्षाभंगात शोधले होते : ज्या ध्येयामागे माणूस धावतो, तेच हाती आल्यावर त्याची निराशा करते आणि त्याला उलट दिशेस लोटते.

या उपपत्तींची परीक्षा मोठ्या राष्ट्रांच्या इतिहासावर पुष्कळ झाली आहे. लहान प्रदेशात, जेथे एकाच प्रश्नावर तीन-चार पिढ्यांनी आपापला कौल दिला आहे, तेथे ती अधिक काटेकोर होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही आणि तिच्या भोवतालचा नागभीड, चिमूर, ब्रह्मपुरी, मूल हा भाताचा व जंगलाचा मुलूख अशा परीक्षेस योग्य आहे. येथे तो प्रश्न दारूचा आहे.

अबकारीचा काळ

या प्रश्नाची परिभाषा प्रथम पाहिली पाहिजे. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषधवाचक असून ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ आजही टिकून आहे. ‘अबकारी’ हाही फारसीच. ‘गुत्ता’ हा शब्द तेलुगू ‘गुत्त’ आणि कन्नड ‘गुत्तिगे’ यांच्या कुळातला असून त्याचा मूळ अर्थ मक्ता असा होय. दारू विकण्याचा मक्ता ज्या जागी चालतो ती जागाच पुढे गुत्ता म्हणून ओळखली जाऊ लागली. ब्रिटिश अमलातील ही सारी शब्दसंपत्ती महसुलाची आहे. १९१५चा मध्यप्रांताचा अबकारी कायदा याच दृष्टीने केलेला होता. पिणे चांगले की वाईट हा त्या भाषेचा विषय नव्हता. कर कोणी व किती भरावा, एवढाच तिचा प्रश्न होता.

गोंड समाजात मात्र मोहाच्या दारूचे स्थान वेगळे होते. जन्म, विवाह, मृत्यू आणि पेनची पूजा या प्रसंगी ती विधीचा भाग होती. सरकारी मक्त्याच्या भाषेत या वापराला नाव नव्हते आणि पुढे आलेल्या सुधारणेच्या भाषेतही त्याला सहजासहजी जागा मिळाली नाही.

निषेधाची पिढी

१९३७मध्ये प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. मद्यबंदी हा गांधीजींच्या विधायक कार्यक्रमाचा भाग होता आणि ती नव्या मंत्रिमंडळांनी अमलात आणावी असा त्यांचा आग्रह होता. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८मध्ये त्यासाठी कायदा झाला व प्रांताच्या काही भागांत बंदी सुरू झाली. त्या काळच्या लेखनात ‘मद्यपाननिषेध’ हा शब्द आढळतो. निषेध हा मूलतः धर्मशास्त्राचा शब्द. विधी आणि निषेध ही जोडी परंपरेने चालत आलेली. परकीय सरकारचा महसूल नाकारणे आणि स्वतःचे आचरण शुद्ध करणे ही दोन्ही कामे त्या एका शब्दाने साधली.

चांदा जिल्ह्यात या विचाराला दोन समर्थ वाहक मिळाले. पहिले तुकडोजी महाराज. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे जो उठाव झाला त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती, आणि त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. स्वातंत्र्यानंतर ‘ग्रामगीते’तून आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून व्यसनमुक्त गावाचा आदर्श खेडोपाडी पोचला. दुसरा वाहक १९५६चे धर्मांतर. १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चांद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञाही होती. भजनी मंडळ आणि बुद्धविहार हे सामाजिकदृष्ट्या भिन्न प्रवाह असूनही या एका मुद्द्यावर त्यांचा कौल एकच पडला. मानहाइमच्या अर्थाने पिढी बनणे म्हणतात ते हेच. एकाच पिढीत परस्परांहून वेगळे गट असू शकतात, परंतु त्यांच्यापुढचा प्रश्न समान असतो.

राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात मद्यबंदी हे शासनाचे उद्दिष्ट म्हणून नोंदले गेले होते. विदर्भ १९५६मध्ये मुंबई राज्यात आल्यावर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९मध्ये या भागासही लागू करण्यात आला. येथे शब्द बदलला. ‘निषेध’ मागे पडून ‘बंदी’ रूढ झाली. निषेध माणूस करतो. बंदी सरकार घालते. कर्ता बदलला, ही गोष्ट पुढील इतिहास समजण्यास महत्त्वाची आहे.

शिथिलतेचा काळ

बंदी घालणारे सरकार ती सैलही करू शकते. १९६०नंतरच्या दशकात महाराष्ट्रात परवान्यांची पद्धत क्रमाक्रमाने सुलभ होत गेली आणि १९७३मध्ये देशी दारूचे नियम होऊन तिच्या विक्रीला रीतसर मार्ग मिळाला. हा बदल करणारा पक्ष तोच होता, ज्याने १९३७मध्ये निषेधाचा ध्वज उभारला होता. हातभट्टीचा फैलाव, पोलिसांवरील ताण आणि महसुलाची गरज ही त्यामागची व्यावहारिक कारणे होती. या काळात कायद्याचे नाव मात्र ‘दारूबंदी’ असेच राहिले. २०१२मध्ये नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, तरी ‘दारूबंदी’ हटली नाही. आजही राज्यात दारूविक्रीचा परवाना मिळतो तो दारूबंदीच्या कायद्याखालीच. एका पिढीचे मूल्य पुढील पिढीने नाकारले, तरी तिचा शब्द असा कायद्याच्या शीर्षकात मागे राहतो.

मुक्तीचा उच्चार

यानंतरची चळवळ वेगळ्या जागेतून उभी राहिली. १९८२मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आरोग्याच्या कामाबरोबर दारूचा प्रश्न हाती घेतला. ग्रामसभा, आदिवासी संघटना व स्त्रिया यांच्या आंदोलनानंतर १९९३मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. या चळवळीने ‘दारूमुक्ती’ हा शब्द पुढे आणला. निषेधाच्या शब्दात आत्मशुद्धीचा भाव होता, बंदीच्या शब्दात दंडशक्तीचा. मुक्तीच्या शब्दात प्रथमच प्रश्न विचारला जातो : मुक्त कोणाला करावयाचे? उत्तर होते, घराला. विशेषतः मजुरीचे पैसे घरी पोचण्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीला. त्या स्त्रीचा अनुभव १९३७च्या भाषेत गौण होता. येथे तो केंद्रस्थानी आला.

चंद्रपूर जिल्ह्यात हीच मागणी श्रमिक एल्गार या संघटनेने पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली लावून धरली. डिसेंबर २०१०मध्ये जिल्ह्यातील स्त्रिया चिमूरहून विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या. ज्या गावाने १९४२मध्ये परकीय सत्तेला आव्हान दिले, तेथूनच आता स्वकीय शासनाकडे मागणी निघाली. त्यानंतर तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व तिने बंदीच्या बाजूने मत दिले. सरकार बदलल्यावर, सुधीर मुनगंटीवार पालकमंत्री असताना, १ एप्रिल २०१५पासून जिल्ह्यात दारूबंदी अमलात आली.

सहा वर्षांची बंदी

ही बंदी सहा वर्षे टिकली. त्या अवधीत शेजारच्या जिल्ह्यांतून चोरटी वाहतूक सुरू झाली. नोव्हेंबर २०१८मध्ये सिंदेवाहीच्या लगतच्या नागभीड तालुक्यात, दारूची वाहतूक करणारी गाडी अडविण्याच्या प्रयत्नात एका पोलीस उपनिरीक्षकाचा त्या गाडीखाली मृत्यू झाला. बंदीविरुद्धचे सारे आक्षेप या एका घटनेभोवती एकवटले : अवैध व्यापार वाढला, बनावट दारू येऊ लागली, रोजगार व महसूल बुडाला, मुले व स्त्रियाही या धंद्यात ओढली गेली. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीच्या अहवालानंतर २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठविण्याचा निर्णय घेतला. बंदीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, अंमलबजावणीतील दोषाचे खापर धोरणावर फोडण्यात आले आणि घरातली शांतता कोणत्याही महसुली हिशेबात धरली गेली नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यामागे प्रत्यक्ष अनुभव होता, हे नाकारता येणार नाही.

या वादाची क्रियापदेही लक्षणीय आहेत. समर्थकांच्या तोंडी बंदी ‘मिळविली’ जाते, विरोधकांच्या तोंडी ती ‘लादली’ जाते. शासन ती ‘लागू करते’ आणि पुढे ‘उठविते’. नाम एकच असून क्रियापदावरून बोलणाऱ्याची बाजू ओळखता येते.

वैनगंगेचे दोन काठ

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हे आवर्तन पिढ्यांच्या घड्याळाप्रमाणे चालते काय? कालान्तरे मोजली तर उत्तर नकारार्थी येते. १९५९च्या कायद्यापासून १९७३च्या नियमांपर्यंत १४ वर्षे, तेथून २०१५च्या बंदीपर्यंत ४२ वर्षे, आणि तेथून ती उठेपर्यंत अवघी ६ वर्षे. अमेरिकेतील राष्ट्रव्यापी मद्यबंदीही १९२०पासून १९३३पर्यंतच टिकली. सहा वर्षांत पिढी पालटत नाही.

दुसरा पुरावा अधिक निर्णायक आहे. सिंदेवाहीहून पूर्वेस गेले की वैनगंगा लागते. पलीकडे गडचिरोली जिल्हा. १९८२पर्यंत हे दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. धान, जंगल, भजने, दीक्षा, सोयरसंबंध यांत फारसे अंतर नाही, आणि पिढ्याही त्याच आहेत. तरी एका काठावर १९९३पासूनची बंदी टिकून राहिली आणि दुसऱ्या काठावरची सहा वर्षांत उठली. पिढी हे एकच कारण असते, तर हा भेद पडता ना.

पक्षीय विचारसरणीनेही त्याचा उलगडा होत नाही. बंदी आणणारे मुनगंटीवार आणि ती उठविण्याच्या वेळी पालकमंत्री असलेले विजय वडेट्टीवार हे परस्परविरोधी पक्षांचे. वडेट्टीवार ज्या ब्रह्मपुरी मतदारसंघाचे प्रतिनिधी आहेत, त्यात सिंदेवाही तालुका येतो. आपापल्या निर्णयानंतरही दोघे पुन्हा विधानसभेवर निवडून आले आहेत. मतदाराने दारूच्या प्रश्नावर मतपेटीतून एकच स्वच्छ कौल दिला, असे यावरून म्हणता येत नाही.

भेदाचे संभाव्य कारण बंदी आल्यानंतर काय घडले यात शोधावे लागते. गडचिरोलीत कायद्याबरोबर गावपातळीवरचे काम चालू राहिले आणि २०१६पासून ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमाने गावसंघटना व व्यसनोपचार यांची जोड दिली. तेथील अनुसूचित क्षेत्रात १९९६च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेस दिलेला होता. त्यामुळे ज्यांनी पहिला लढा पाहिला नव्हता, त्यांनाही त्याचा प्रश्न नव्याने समजून घेण्याची जागा मिळाली. चंद्रपुरात मागणी स्त्रियांची असली, तरी निर्णय हाती पडताच तिचे रक्षण मुख्यतः पोलिसांवर सोपविले गेले. ‘मुक्ती’साठी चाललेली चळवळ कायद्यात उतरताना पुन्हा ‘बंदी’ झाली आणि १९५९मध्ये बंदीच्या वाट्याला आलेलेच भवितव्य तिच्या वाट्याला आले.

निष्कर्ष

यावरून आवर्तनाची कल्पना सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. तिच्यात दुरुस्ती करावी लागते. मते मागे वळतात हे खरे; पण ती त्याच जागी परत येत नाहीत. १९३७चा निषेध, १९५९ची बंदी आणि १९९३ची मुक्ती ही एकाच लंबकाची एकच बाजू म्हणून दाखविली, तर त्यांच्यातील कर्ता, लाभार्थी आणि साधन यांचा फरक दृष्टीआड होतो. प्रत्येक पिढी आपण पाहिलेल्या अनर्थाला उत्तर देते. ज्यांनी गुत्त्यापायी मोडलेले घर पाहिले ते बंदी मागतात; ज्यांनी बंदीपायी वाढलेली तस्करी पाहिली ते ती उठवा म्हणतात. उपाय यशस्वी झाला की मूळ अनर्थ नजरेआड होतो आणि उपायाचे दोषच तेवढे दिसतात. हर्शमनच्या अपेक्षाभंगाला स्मृतिलोपाची ही जोड दिली, तर पालटाची गती अधिक समाधानकारकपणे कळते.

सिंदेवाहीच्या परिसरात २०२१नंतर परवान्याची दुकाने पुन्हा उघडली. गाव वा प्रभागातील दुकान बंद करावे की नाही, हे मतदानाने ठरविण्याची राज्यातील तरतूद मात्र उपलब्ध आहे. २००८च्या आदेशानुसार अशा मतदानात उभी बाटली व आडवी बाटली ही चिन्हे असतात आणि एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडल्यास दुकान बंद होते. चिमूरहून नागपूरला चालत गेलेल्या स्त्रियांच्या मुली या चिन्हांपैकी कोणते निवडतील, हे त्यांच्या वयावरून सांगता येणार नाही. आयांच्या अनुभवापैकी काय त्यांच्यापर्यंत पोचले आहे आणि त्यांच्या स्वतःच्या घरात आज काय घडत आहे, यावर ते अवलंबून राहील.