परगावी शिकायला जाताना

बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या याद्या झळकल्या, की माझ्या दवाखान्यात दरवर्षी एक वेगळीच गर्दी होते. हे रुग्ण नसतात. महाविद्यालयाने मागितलेला वैद्यकीय दाखला घ्यायला आलेली ही मुले-मुली असतात आणि सोबत आई नाहीतर वडील. रक्तदाब पाहून, छाती तपासून, उंची-वजन लिहून दाखल्यावर शिक्का मारेपर्यंत पाच-दहा मिनिटे जातात. तेवढ्यात पालक हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, वसतिगृह बरं की बाहेर खोली?" "हा नाटकाबिटकात पडला तर चालेल का?" "गाडी घेऊन द्यावी का?" आणि लगेच पुढे म्हणतात, "हे काही तुम्हाला विचारायचे प्रश्न नाहीत म्हणा."

वाचकहो, माझ्या मते हेच आरोग्याचे प्रश्न आहेत. कारण यातलीच काही मुले दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा माझ्यापुढे येतात. कोणाला कावीळ झालेली असते, कोणाचा पाय प्लास्टरमध्ये असतो, कोणाचे पाच-सहा किलो वजन उतरलेले असते आणि सगळे रिपोर्ट मात्र नॉर्मल असतात. मुळाशी जावे तर कारण बहुधा राहण्याच्या जागेत, सोबतीत किंवा प्रवासात सापडते.

या तिन्ही बाबतींत निर्णय घेताना एक प्रश्न स्वतःला विचारावा, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो : "मी उद्या आजारी पडलो, तर चोवीस तासांच्या आत कोणाला कळेल?" या प्रश्नाला एका माणसाचे नाव उत्तर म्हणून सांगता आले पाहिजे.

वसतिगृह की खोली?

शिकणाऱ्या मुलांची राहण्याची सोय हा आपल्याकडे जुना प्रश्न आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात पहिले बोर्डिंग सुरू केले. खेड्यातून पुण्यात येणाऱ्या मुलांसाठी डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यातला हुशार मुलगा शहरात पाठ टेकायला जागा नाही म्हणून मागे राहू नये, हाच या कामांमागचा विचार होता. आजही समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. तिथे प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. बाहेर खोली पाहण्याआधी या सोयींची चौकशी जरूर करावी.

वसतिगृहाचा माझ्या दृष्टीने मोठा फायदा म्हणजे तिथे हजेरी असते. मुलगा दोन वेळा मेसमध्ये दिसला नाही, तर कोणीतरी दार वाजवते. एकट्याने घेतलेल्या खोलीत तसे होत नाही. म्हणून पहिले वर्ष तरी वसतिगृहात किंवा दोघा-तिघांच्या सोबतीने काढावे. कॉट बेसिसवर राहणार असाल, तर भाडे आणि डिपॉझिट विचारण्याआधी चार गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात.

पहिली, पाणी. टाकीला झाकण आहे का आणि ती केव्हा धुतली, हे विचारायला लाजू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. संशयित आणि निश्चित रुग्ण मिळून संख्या २०० च्या वर गेली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटाचा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट गेले. कावीळ-अ आणि विषमज्वर हे तर पाण्यावाटे येणारे नेहमीचे पाहुणे. कावीळ-अ चा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात. म्हणजे ऑगस्टमध्ये डोळे पिवळे झाले, तर दोष जुलैत प्यालेल्या पाण्याचा असू शकतो. शंका असेल तिथे पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते आणखी एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकून ठेवावे. विषमज्वराची नवी लस एका इंजेक्शनात होते. कावीळ-ब ची लस लहानपणी झाली नसेल, तर ती शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन डोसांत घ्यावी लागते. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी येऊ नका, महिनाभर आधी या.

दुसरी, न्हाणीघर. गॅस गिझर बंद न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल, तर ती खोली नाकारावी. जळताना हवा अपुरी पडली, की त्यातून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. या वायूला ना रंग ना वास. आधी डोके जड होते, चक्कर येते, मळमळते आणि माणूस दार उघडण्याआधीच कोसळतो. धडधाकट तरुण मुले अशी गेलेली आहेत. गिझर बाहेर मोकळ्या हवेत हवा आणि न्हाणीघराची खिडकी उघडी हवी. बादलीत सोडायचा विजेचा रॉड वापरत असाल, तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये.

तिसरी, खिडकी. ऊन आणि वारा न येणाऱ्या खोलीत एकाचा खोकला चौघांना होतो. चौथी, डास. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. खोलीतला कूलर, गच्चीवरचे टायर, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा कोरडी करावी. चौघांनी वार वाटून घेतले तर हे पाच मिनिटांचे काम आहे.

मेसबद्दल तक्रारी सगळ्यांच्याच असतात. माझे सांगणे एवढेच, की सकाळचा नाश्ता बुडवून दुपारी वडापाव आणि रात्री चहा-बिस्कीट हे जेवण नव्हे. खोलीत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ ठेवावा. परवडेल तशी केळी, अंडी आणावीत. मुलींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचे आढळले. जिना चढताना दम लागतो, वाचताना डोळे मिटतात, हा प्रत्येक वेळी आळस नसतो. हिमोग्लोबिनची साधी तपासणी करून घ्यावी.

"अभ्यास सोडून मंडळात जाऊ द्यावे का?"

हा प्रश्न वडील विचारतात आणि मुलगा खाली मान घालून ऐकतो. माझे उत्तर असते, "एका तरी मंडळात जाऊ द्या."

दोन-तीन वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे आला. पोट दुखते, भूक नाही, झोप नाही. सोनोग्राफी झाली, रक्त तपासले, काही निघाले नाही. मी सहज विचारले, "काल दिवसभरात कोणाकोणाशी बोललास?" बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मेसवाल्या काकांशी." वर्गात १२० मुले होती आणि तो पोरगा एकटा होता. त्याच्या पोटदुखीचे औषध माझ्या कपाटात नव्हते.

पुढच्या सत्रात तो राष्ट्रीय सेवा योजनेत गेला. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालेली ही योजना बहुतेक महाविद्यालयांत असते. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर. शिबिरात ज्याच्याबरोबर घमेली उचलली, तो परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स देतो आणि ताप आला तर डॉक्टरकडेही नेतो. कोणाला एनसीसी आवडेल, कोणाला गिरिभ्रमण, कोणाला वाङ्मय मंडळाचे भित्तिपत्रक. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा होते. तिथे पडद्यामागे खिळे ठोकणाऱ्या मुलालाही टोळी मिळते. मात्र तालमी पहाटेपर्यंत चालतात आणि झोपेचे खोबरे होते. या वयात सात-आठ तास झोप लागतेच. एका वर्षी एकच मंडळ पुरे.

मंडळ निवडताना एक पाहावे. पहिल्याच भेटीत सिगारेट किंवा ग्लास हातात देऊन "घे रे, काही होत नाही" म्हणणारी सोबत ही सोबत नव्हे. नाही म्हटल्यावर जे हसून विषय बदलतात, ते मित्र. जे जबरदस्ती करतात, ते रॅगिंग करतात. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ ही आहे. सहन करणे म्हणजे धीट असणे नव्हे.

घराची आठवण येऊन पहिले काही आठवडे रडू येणे स्वाभाविक आहे. त्याला आजार समजू नये. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, जेवण तुटले, कशातच मन लागेना, जगून काय करायचे असे विचार येऊ लागले, तर मदत घ्यायची वेळ झाली. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. पालकांनीही फोनवर "मार्क किती?" याआधी "जेवलास का, कोणाबरोबर जेवलास?" हे विचारावे. उत्तरातून बरेच काही कळते.

प्रवास

स्वस्त मिळते म्हणून महाविद्यालयापासून लांब खोली घेतली आणि रोजचे तीन तास बसमध्ये गेले, तर ते तास झोपेतून आणि जेवणातून वजा होतात. भाड्यातले पाचशे वाचले, पण शरीर त्याची वसुली करते. शक्यतो चालत किंवा सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर राहावे.

गाडी घेऊन द्यावी का? गिअरच्या गाडीच्या परवान्याला १८ वर्षे पूर्ण लागतात. त्याआधी प्रश्नच नाही. त्यानंतरही पहिल्या वर्षी देऊ नये, असे माझे मत आहे. दिलीच, तर दोन हेल्मेट द्यावीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट आवश्यक आहे. डोक्याला मार बसतो तो बहुधा "इथंच कोपऱ्यावर जाऊन येतो" म्हणून निघालेल्या, मित्राच्या गाडीवर मागे बसलेल्या मुलाला. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल, तर धक्का बसताच ते आधी उडून जाते. अपघात दिसला तर १०८ ला फोन करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

एस.टी.ने लांबचा प्रवास करताना मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण वाटेतली स्वच्छतागृहे. मग घरी पोहोचल्यावर लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप. पाणी तोडू नये. घोट-घोट प्यावे आणि मोठ्या स्थानकावर गाडी थांबली की सोबतीणीला घेऊन उतरावे. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. तेव्हा पैसे वाचवायला आडवेळेची गाडी धरू नये, दिवसाउजेडी पोहोचेल अशीच धरावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. ताप आला की पोरे बॅग भरतात आणि रात्रीच्या गाडीने घरी निघतात. आईच्या हातचे खाऊन बरे वाटेल, ही ओढ मला कळते. पण डेंग्यूत खरा धोका ताप चढताना नसतो, तर तो उतरतो तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत असतो. पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी ही धोक्याची लक्षणे. त्या वेळी मुलगा सात-आठ तास बसमध्ये, पाण्याविना, एकटा असला तर काय होईल? म्हणून ताप आल्यावर प्रवास करू नये. जिथे आहात तिथेच डॉक्टरांना दाखवावे, पाणी पीत राहावे, तापाला फक्त पॅरासिटॅमॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. अशा वेळी आईवडिलांनी त्याच्याकडे जावे, त्याला बोलावू नये.

पिशवीत काय द्याल?

चिवड्याच्या डब्याशेजारी एवढे ठेवा : थर्मामीटर, पॅरासिटॅमॉलची एक पट्टी, ओआरएसची चार पाकिटे, पट्टी आणि कापूस, नेहमीची औषधे किंवा दम्याचा पंप. एका कागदावर रक्तगट, कोणत्या औषधाचे वावडे आहे ते आणि घरचे दोन फोन क्रमांक. शिधापत्रिका आणि आधारची प्रतही द्या. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ती कामी येते.

खोलीवर पोहोचल्या दिवशी सामान लावायच्या आधी तीन कामे करावीत. जवळचा दवाखाना पाहून यावा. खोलीतल्या सोबत्याला आपल्या घरचा क्रमांक द्यावा आणि त्याच्या घरचा आपण घ्यावा. मग घरी फोन करून सांगावे, की मी आजारी पडलो तर तुम्हाला कळवणारा माणूस हा.

दाखल्यावर शिक्का मारताना मी मुलांकडून त्या माणसाचे नाव मागतो. तेव्हा बहुतेकांना ते सांगता येत नाही, कारण अजून कोणाची ओळखच झालेली नसते. पण पंधरा दिवसांनी फोनवर आई-वडिलांनी तेच विचारावे आणि नाव कळेपर्यंत विचारत राहावे.