सोनं-चांदीचं फूल

आपल्याकडे घसा धरला, अंग कसकसायला लागलं की आजीबाईचा बटवा उघडतो. तुळस, आलं, मिरे, गवती चहा, ज्येष्ठमध... पातेलं गॅसवर चढतं आणि घरभर वास सुटतो. चीनमध्ये अशा वेळी पातेल्यात जे पडतं, त्याचं नाव चिन-यिन-हुआ. चिन म्हणजे सोनं, यिन म्हणजे चांदी आणि हुआ म्हणजे फूल. सोनं-चांदीचं फूल! इंग्रजीत याच वेलीला हनीसकल म्हणतात.

माझी धाकटी नणंद सिंगापूरला असते. मागच्या दिवाळीत ती आली, तेव्हा तिच्या बॅगेतून वाळक्या, पिवळट-हिरव्या कळ्यांचं एक पाकीट निघालं. "वहिनी, तिकडे उकाडा वाढला, तोंड आलं की चिनी बायका याचाच चहा करतात," ती म्हणाली. मला मुळातच अशा गोष्टींची हौस. चहा करून प्यायला. फिकट रंग, मंद गोडसर वास आणि शेवटी जिभेवर किंचित कडवटपणा. मग मात्र हे फूल आहे तरी काय, हे शोधायचा नादच लागला.

या नावामागची गंमत बघा. कळी उमलते तेव्हा फूल पांढरंशुभ्र असतं. एक-दोन दिवसांत ते पिवळं होतं. रोज नव्या कळ्या उमलत असल्याने एकाच वेलीवर पांढरी आणि पिवळी फुलं शेजारी शेजारी दिसतात. म्हणून सोनं आणि चांदी. या वेलीचं दुसरं चिनी नाव आहे रन-तोंग, म्हणजे हिवाळा सोसणारी. कडाक्याच्या थंडीतही तिची पानं सहसा गळत नाहीत, म्हणून हे नाव. बाईच्या जातीला शोभेल असं नाव आहे, नाही का?

औषधाला मात्र उमललेलं फूल चालत नाही, कळीच लागते. तीसुद्धा फुगून पांढरी झालेली, पण अजून न उघडलेली. म्हणजे खुडणाऱ्याच्या हाताशी वेळ थोडाच असतो. शान्तुंग प्रांतातला पिंगयी तालुका आणि हनान प्रांतातला फंगछ्यु हे यासाठी प्रसिद्ध भाग. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे पहाटेपासून खुडणी चालते. कळी नाजूक, ती हातानेच खुडायची, दाबायची नाही, चुरगाळायची नाही. लगेच पातळ पसरून वाळवायची, नाहीतर काळी पडते. मोगऱ्याच्या कळ्या भल्या पहाटे खुडून बाजारात पाठवणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे कष्ट वेगळे सांगायला नकोत.

चिनी वैद्यकात पदार्थांचे उष्ण आणि थंड असे गुण मानतात. आपल्याला हे नवीन नाही. आंबा उष्ण, ताक थंड हे आपण लहानपणापासून ऐकतोच. त्यांच्या हिशेबाने हे फूल थंड. अंगातली उष्णता आणि विष बाहेर काढणारं. ताप, घसादुखी, गळवं, पुटकुळ्या यांवर ते देतात. वू च्वीथोंग नावाच्या वैद्याने १७९८ साली तापाच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातलं यिन-च्याव-सान हे औषध आजही चीनमध्ये सर्दी-तापाच्या सुरुवातीला घेतात. त्यात या कळ्यांबरोबर फॉरसिथिया नावाच्या झुडपाची फळं, पुदिन्याच्या जातीची पानं आणि आपलं ओळखीचं ज्येष्ठमधही असतं. एकट्या फुलावर तिथले वैद्यही सहसा भिस्त ठेवत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं.

दक्षिण चीनमध्ये, क्वांगतुंग, हाँगकाँग, मकाव या दमट भागात 'ल्यांग-छा' म्हणजे थंड गुणाचा काढा पिण्याची मोठी परंपरा आहे. रस्त्यावर आपल्याकडे उसाचा रस मिळतो, तशी तिथे या काढ्यांची दुकानं. वांग लाव ची या नावाचा काढा क्वांगचौ शहरात १८२८ साली सुरू झाला असं सांगतात. आज तो लाल डब्यातून विकला जातो. त्यातही ही फुलं असतात, आणि भरपूर साखरही! २००६ साली चीनने ल्यांग-छाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

हाँगकाँगचा 'पाच फुलांचा चहा' वाचून तर मी चकितच झाले. त्यात या कळ्या असतात, शेवंती असते आणि बहुतेक वेळा वाळवलेली काटेसावरीची आणि देवळाजवळच्या पांढऱ्या चाफ्याची फुलंसुद्धा! सावर आणि चाफा आपल्या दारात, पण आपण कधी त्यांचा चहा केला नाही.

आता प्रश्न असा की, खरंच काही उपयोग होतो का? या कळ्यांत क्लोरोजेनिक आम्ल असतं. तेच कॉफीच्या बियांतही असतं. प्रयोगशाळेत या कळ्यांच्या अर्काचा काही जंतूंवर, विषाणूंवर परिणाम दिसला आहे. नानचिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी तर २०१५ साली छापून आलेल्या अभ्यासात सांगितलं की, उकळल्यावरही टिकणारा या फुलातला एक सूक्ष्म घटक उंदरांमध्ये फ्लूच्या विषाणूला रोखतो. त्यावर शास्त्रज्ञांमध्ये वादही झाले. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि काचेची नळी म्हणजे आपलं शरीर नव्हे.

हा फरक विसरला की काय होतं, ते २०२०मध्ये दिसलं. ३१ जानेवारीच्या रात्री चीनच्या सरकारी वृत्तसंस्थेने बातमी दिली की, श्वांग-हुआंग-ल्यान हे औषध नव्या करोना विषाणूला रोखू शकतं. त्यातही हीच फुलं. झालं! ऐन साथीत, थंडीत, रात्रीच लोक औषधांच्या दुकानांबाहेर रांगा लावून उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी तिथल्या सरकारी माध्यमांना सांगावं लागलं की, घाईने विकत घेऊ नका, स्वतःच्या मनाने पिऊ नका. त्यांना हसायचं कारण नाही. त्याच वर्षी आपणही दिवसातून चार-चार वेळा दालचिनी-मिऱ्यांचा काढा पीत होतो आणि मग पोटात आग पडली म्हणून तक्रार करत होतो.

आमच्या महिला मंडळात मी या फुलाची माहिती सांगितली, तेव्हा एक आजी थांबून राहिल्या. "ताई, नातू सहा दिवसांचा आहे. पिवळा दिसतोय. तुमच्या नणंदबाई म्हणतात तसं या फुलाच्या पाण्याने आंघोळ घातली, दोन थेंब पाजले तर?" त्यांनी हे ऐकलं होतं ते खोटं नव्हतं. चिनी घरांत बाळाच्या काविळीवर अशी पाणी देण्याची जुनी चाल आहे. पण मी ठामपणे नाही म्हटलं. का, ते प्रत्येक आई-आजीला माहीत असायला हवं.

जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना जपतं. काहींच्या शरीरात ते जन्मतःच कमी असतं. मुलग्यांमध्ये हा दोष आईकडून येतो आणि त्यांच्यात तो जास्त दिसतो. अशा बाळाला काही विशिष्ट पदार्थ मिळाले तर तांबड्या पेशी भराभर फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि मेंदूपर्यंत पोचली तर बहिरेपण, अपंगत्व, मृत्यूही येऊ शकतो. हाँगकाँगमध्ये १९८४पासून नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तावरून हा दोष तपासतात. ज्यांच्यात तो सापडतो, त्यांनी टाळायच्या चिनी औषधांची यादी तिथला आरोग्य विभाग देतो. त्या यादीत चिन-यिन-हुआ आहे! ज्या देशातलं फूल, तिथलेच लोक ही काळजी घेतात.

हा दोष भारतातही आढळतो. आणि त्याला धोका फक्त चिनी फुलाचा नाही बरं का. कपाटात आपण ज्या डांबराच्या गोळ्या ठेवतो, त्यांचाही आहे. बाळंतविड्याचे कपडे, दुपटी, आजीची जुनी मऊ लुगडी अशा गोळ्यांत ठेवलेली असतात. ती तशीच काढून बाळाला गुंडाळू नका. गोळ्यांच्या संगतीतले कपडे बाळासाठी वापरूच नका.

बहुतेक बाळांची कावीळ साधी असते, आपोआप उतरते. पण पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, तर गुटी नको, फुलाचं पाणी नको आणि नुसतं उन्हात धरणंही नको. सरळ दवाखाना गाठा. रक्त तपासतील, लागलं तर निळ्या प्रकाशाखाली ठेवतील. त्या आजी त्याच दुपारी सुनेला आणि नातवाला घेऊन गेल्या. बाळाला दोन दिवस प्रकाशाखाली ठेवावं लागलं. आता छान बाळसं धरलंय.

आणखी एक घोटाळा टाळायला हवा. आपल्या फाटकावर चढणारी, संध्याकाळी घमघमणारी मधुमालती आठवा. तिची फुलं पांढरी उमलतात, मग गुलाबी, मग लाल होतात. तिला इंग्रजीत रंगून क्रीपर म्हणतात आणि कुणी कुणी चायनीज हनीसकलही म्हणतात. पण ती वेल वेगळी, कुळही वेगळं. तिच्या बिया चीनमध्ये जंतांवर वापरतात, त्या जास्त झाल्या तर उचक्या आणि उलट्या होतात. तेव्हा नावावर जाऊन दारच्या मधुमालतीचा चहा करायला जाऊ नका! खुद्द चीनमध्येही रानातून फुलं खुडताना गेल्सेमियम नावाची अत्यंत विषारी वेल हनीसकल समजून उकळल्याने माणसं दगावली आहेत.

मग हा चहा प्यायचाच नाही का? मोठ्या, धडधाकट माणसाने कधीमधी प्यायला हरकत दिसत नाही. खात्रीच्या ठिकाणची बंद पाकिटातली फुलं घ्या. चिमूटभर कळ्या कपात टाकून वर उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं झाका, गाळा, हवा तर थोडा मध घाला. ज्यांचं पोट नाजूक, वरचेवर पातळ होतं, त्यांना हे फूल सोसत नाही असं चिनी वैद्यही सांगतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, रोजची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाळांना तर नकोच. आणि ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर कुठलाच काढा उकळत बसू नये.

बटवा आपला असो की चिनी आजीचा, त्यात शहाणपण असतंच. पण काय द्यायचं याबरोबर कुणाला द्यायचं नाही, हेही त्या बटव्यातच ठेवायला हवं. मैत्रिणींनो, आज आधी एक करा. कपाट उघडून बाळाच्या कपड्यांतल्या त्या पांढऱ्या गोळ्या काढून टाका. चहाचं नंतर बघू.