शाळा कोणत्याही माध्यमाची असो, घरातली बालवाडी मराठीच हवी

बेळगाव : नर्सरीचे प्रवेश सुरू झाले की सीमाभागातल्या मराठी घरांत एकच विषय असतो. इंग्रजी माध्यम घ्यायचं, गल्लीतली मराठी शाळा बघायची, की पुढे नोकरीला बरं म्हणून कन्नड? आजोबांचं एक मत, आईचं दुसरं. निर्णय काहीही होवो, पण इंग्रजी शाळेचा फॉर्म भरला त्या दिवसापासून घरातली भाषा बदलायला लागते. कालपर्यंत दारातल्या पेरूवर बसलेला ‘काऊ’ दाखवणारी आई आज रस्त्यावरची गाय दाखवून ‘काऊ बघ’ म्हणते. तीन वर्षांच्या पोराने काय समजायचं? काऊ म्हणजे कावळा की गाय?

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. अशाने मुलाला इंग्रजी येत नाही, फक्त मराठीतली नावं एकेक करून गळतात. वाक्य मराठीच राहतं, पण त्यातला रंग, आकडा, फळ, प्राणी इंग्रजी होतो. सहाव्या वर्षी आजीला ‘शाळेत काय झालं’ हे सलग चार वाक्यांत सांगता येत नाही आणि बाईंना इंग्रजीतही सांगता येत नाही. मग ‘मूल अबोल आहे’ असा शिक्का बसतो.

माध्यम आणि घर, दोन वेगळ्या गोष्टी

शिक्षणाचं माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे. मातृभाषेचं माध्यम सरकारला सक्तीने लादता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्याच प्रकरणात मे २०१४ मध्ये दिला. दुसरीकडे, कर्नाटकात शाळा कुठल्याही माध्यमाची असली तरी कन्नड ही एक भाषा म्हणून शिकावी लागते. म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी मुलाला घरची मराठी, शाळेची इंग्रजी आणि राज्याची कन्नड अशा तीन भाषा लहानपणीच भेटणार. वडोदऱ्यात कन्नडच्या जागी गुजराती असेल, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, हैदराबादला तेलुगू. हिशेब तोच.

तीन भाषांचं ओझं होतं का? लहान मुलं एकाहून जास्त भाषा सहज उचलतात. अट एवढीच की त्यातली निदान एक भाषा भरपूर आणि पूर्ण वाक्यांत कानावर पडायला हवी. गोष्ट समजणं, कारण सांगणं, ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला फरक कळणं ही समज मूल एकदाच कमावतं आणि मग प्रत्येक भाषेत वापरतं. ती कमावण्याची सोपी जागा म्हणजे घरची भाषा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ मानला आणि या वयात मातृभाषेवर भर दिला. त्यावर आधारित अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. ३ ते ६ वयाच्या मुलांना ठरावीक पाठ्यपुस्तक नको. खेळ, गोष्टी, गाणी आणि हाताने करायच्या गोष्टी यांतून शिकवा, असं तो सांगतो. शिक्षण हक्क कायदा लागू होतो सहाव्या वर्षापासून. त्याआधीची तीन वर्षं मुख्यतः घराच्याच हातात असतात.

हे आपल्याकडे नवं नाही

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मराठी असलेल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करत होत्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी इथे (आता पालघर जिल्हा) गावातल्या मुलांसाठी काम उभं केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं गावात परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात.

आज दुकानात ‘अर्ली लर्निंग किट’च्या नावाने जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं आपल्या स्वयंपाकघरात आणि परसात पडलेलं असतं, ते या दोघींनी तेव्हाच दाखवून दिलं होतं.

एक आठवडा, एक विषय

घरी शिकवायचं म्हणजे पाटी घेऊन बसवायचं नव्हे. सगळ्यात सोपी रीत म्हणजे आठवड्याला एक विषय धरायचा आणि पुस्तक, गाणं, खेळ, काम सगळं त्याच्याभोवती फिरवायचं. त्यामुळे तेच शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत मुलाच्या कानावर पुन्हा पुन्हा पडतात. शब्द पक्का होतो तो असा, एकदा सांगून होत नाही.

उदाहरणाला ‘भात’ घेऊ. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात पावसाळ्यात तेच दिसतं.

सोमवार : ताटात भाताचे दाणे, तांदूळ आणि चुरमुरे वेगवेगळे ठेवायचे. हात लावून बघू द्यायचं. कुठला खरखरीत, कुठला गुळगुळीत, कुठला हलका? इथे पालकाने कमी बोलायचं, मुलाला बोलू द्यायचं.

मंगळवार : शेत, पाऊस किंवा बैल असलेलं चित्रांचं पुस्तक. पुस्तक नसेल तर जुन्या कॅलेंडरवरचं चित्रही चालतं.

बुधवार : पावसाची गाणी. पावसाला पैसा देऊ करणारं गाणं कुठल्याही आजीला येतं. शेतात रोप लावताना म्हणायची गाणी घरात कुणाला येत असतील तर सोन्याहून पिवळं.

गुरुवार : मापटं भरायला किती वाट्या तांदूळ लागतात? आधी अंदाज, मग मोजणी. चहाच्या कपाने मोजलं तर आकडा का बदलला? हे गणितच आहे.

शुक्रवार : फुटक्या कुंडीत किंवा खोक्यात माती, त्यात मूठभर भात पेरायचा. रोज पाणी घालायचं काम मुलाचं. कोंब कधी आला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ मारून दाखवायचं.

शनिवार : दुकान-दुकान. आजोबा गिऱ्हाईक, नात दुकानदार. ‘तांदूळ कसा दिला हो?’ ‘जुना आहे की नवा?’ ‘सुट्टे नाहीत, उद्या द्या.’ यातून येणारी भाषा कुठल्याही तक्त्यातून येत नाही.

रविवारी खंडीवर मारून शिवाराकडे एक चक्कर मारली की आठवडा पूर्ण.

रोजची वीस मिनिटं पुरतात. वीस मिनिटं गुणिले सहा दिवस म्हणजे आठवड्याला दोन तास, वर्षाला शंभराच्या वर तास. खर्च जवळपास शून्य.

विषय सणवारातूनच मिळतात. बेंदराला आणि मातीच्या बैलांच्या अमावास्येला माती मळून बैल करायचे, गणपतीत दुर्वा मोजायच्या, हादग्याला फेर धरायचा, दिवाळीत किल्ला करायचा. त्याशिवाय बाजार, आपलं घर, एसटी आणि रेल्वे, अंगावरचे कपडे, आजीचा मसाल्याचा डबा हे विषय वर्षभर चालतात.

पुस्तक कसं वाचायचं

पुस्तक वाचून संपवायची घाई नको. तीन वर्षांचं मूल तेच पुस्तक दहा वेळा मागतं, ते द्यावं. पहिल्या वेळी ते चित्र बघतं, तिसऱ्या वेळी पुढचं ओळखतं, सातव्या वेळी स्वतः सांगतं. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर येतं. ‘ही का पळत असेल?’, ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ या प्रश्नांना वाक्य येतं. उत्तर चुकलं म्हणून थांबवायचं नाही. आपण परीक्षा घेत नाही आहोत.

चित्र आणि गोष्ट एकत्र चालणारी मराठी पुस्तकं आता बरीच आहेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं अनेक घरांत पोचली आहेत. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची लहान मुलांची पुस्तकं मराठीत मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत वाचता आणि छापून घेता येतात. ज्यांच्या गावात मराठी पुस्तकांचं दुकान उरलेलं नाही, अशा इंदूर-हैदराबादकडच्या घरांना याचा उपयोग आहे. बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, गावोगावी लहान वाचनालयं आहेत. तिथे मुलांचं कपाट नसेल तर पालकांनी मागणी करावी.

पुस्तकातली मराठी आणि घरातली मराठी वेगळी असते, याची काळजी नको. घरात ‘करालोय’ म्हणतात आणि पुस्तकात ‘करतोय’ लिहितात, हे मुलाला आपोआप उमगतं. घरच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून टोकलं की मात्र मूल बोलायचंच कमी करतं.

गाणं म्हणजे वाचनाची पहिली पायरी

बडबडगीतांत अर्थापेक्षा यमक मोठं असतं आणि तीच त्यांची ताकद आहे. यमक ऐकता ऐकता मुलाला कळतं की शब्द आवाजांचे बनलेले असतात. पुढे अक्षर ओळखताना हेच कामाला येतं. त्याला जोडून खेळ करता येतात : ‘भाकरी’ म्हणताना तीन टाळ्या, ‘आई’ म्हणताना दोन. ‘क’ने सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू शोधायच्या. शेजारी कन्नड कुटुंब असेल तर दोन्ही घरांत चालणारे शब्द शोधायचे. अण्णा, अक्का, अडकित्ता ही सुरुवात. मराठी जपायची म्हणजे शेजारची भाषा झिडकारायची, असं नाही.

काय टाळायचं

पहिली गोष्ट, लवकर लिहायला लावणं. तीन-साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल पेलायचं बळ नसतं. वाटाणे सोलणं, कणकेचे गोळे करणं, मण्यांची माळ ओवणं, मातीत बोटाने रेघा ओढणं हीच लेखनाची तयारी.

दुसरी, मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत हवा, कमी असेल तितका बरा. मोबाईलवरचं गाणं मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही, आजी देते.

तिसरी, तुलना. शेजारच्या मुलीला शंभरपर्यंत आकडे येतात म्हणून आपल्याकडे घोकंपट्टी नको. पाच वाट्या मोजून ताटात मांडणारं मूल शंभरपर्यंत पाठ म्हणणाऱ्यापेक्षा मागे नसतं.

एक गोष्ट मात्र टाळू नये. दोन वर्षं झाली तरी मूल दोन शब्द जोडत नसेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘घरात दोन भाषा आहेत म्हणून’ असं समजून थांबू नका. डॉक्टरांकडून कानाची तपासणी करून घ्या.

आई-बाबा दोघे कामावर असतील तर

उद्यमबागच्या पाळीला जाणारा बाप आणि दुकानात उभी राहणारी आई यांना वीस मिनिटं सलग मिळतीलच असं नाही. मग पाच-पाच मिनिटांत भागवावं : आंघोळीला गाणं, भाजी निवडताना मोजणी, झोपताना गोष्ट. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे शब्दांचा साठा आपल्यापेक्षा मोठा असतो. सूप, उखळ, तरवा, शिंकाळं हे शब्द शाळेत कुणी शिकवणार नाही, आणि ते सांगू शकणारी माणसं घरात कायम असणार नाहीत.

सुरुवातीला एक बुटांचा रिकामा खोका पुरे. त्यात बिया, बटणं, काडेपेट्या, कापडाचे तुकडे, जुन्या लग्नपत्रिका आणि एक-दोन पुस्तकं. शाळेच्या दप्तरात कुठल्याही भाषेची पुस्तकं येवोत, हा खोका मराठीतच उघडायचा.