बांधावरील झाड तोडण्यापूर्वी

उत्तन-डोंगरीच्या शिवारात बांधावरचे भेंडीचे झाड भातावर सावली धरते आणि शेतकरी कुऱ्हाड उचलतो. शिवार खेड्याचे वाटले तरी ते मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. त्यामुळे येथे नागरी क्षेत्रांसाठीचा १९७५ चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा अधिनियम लागू आहे. झाड स्वतःच्या मालकीचे असले तरी वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. झाड मृत, रोगट अथवा जीवितास धोकादायक असल्यास अर्जात तसे स्पष्ट नमूद करावे. केवळ सावलीची तक्रार सहसा अपुरी पडते. झाड नेमके सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याची लेखी संमतीही जोडावी. तंटे बहुधा तेथूनच सुरू होतात. खाडीलगतच्या बांधावरील तिवरांची गोष्ट मात्र निराळी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार, खाजगी जमिनीतही खारफुटी तोडण्यास बंदी आहे.