नुसते वजन पुरत नाही

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा सुईने काढलेला तुकडा जनुक-तपासणीसाठी मोठ्या शहरात पाठवावा, आणि काही दिवसांनी ‘लायब्ररी अपुरी, नमुना पुन्हा पाठवावा’ असा कागद यावा, हे अधूनमधून घडते. नातेवाईक मला विचारतात, “डॉक्टरसाहेब, डीएनए तर निघाला म्हणता, मग अपुरा कसा?” प्रश्न रास्त आहे. पुन्हा सुई टोचून घेणे रुग्णाला सोपे नसते, आणि औषध कोणते हे त्या अहवालावर ठरायचे असते.

या तपासणीला नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग म्हणतात. तीत बहुधा डीएनएचे बारीक तुकडे करून त्यांच्या दोन्ही टोकांना अॅडॅप्टर नावाचे जोडतुकडे लावतात. हा साठा म्हणजे लायब्ररी. पुस्तकांशी संबंध नाही! ती यंत्रातल्या काचपट्टीवर सोडणे म्हणजे पेरणीच. दाट झाली तर तुकड्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात, विरळ झाली तर माहिती कमी पडते आणि महागडी पट्टी वाया जाते. म्हणून आधी मोजणी.

अतिनील प्रकाश किती शोषला जातो यावरून मोजले, तर आरएनए आणि सुटे घटकही हिशेबात येतात व आकडा फुगतो. दुपदरी डीएनएलाच मुख्यतः चिकटणारा चमकता रंग वापरणे त्याहून बरे. पण तेही वजनच. मायक्रोलिटरमागे 2 नॅनोग्रॅम डीएनए असेल आणि तुकडे सरासरी 400 जोड्यांचे असतील, तर द्रावण सुमारे 7.6 नॅनोमोलर भरते. तेच 300 जोड्यांचे असतील तर 10.1. वजन तेच, संख्या वेगळी. यासाठी लांबीही तपासावी लागते.

शेतकरी वाचकांना उगवणशक्ती सांगायला नको. ओल्या गोणपाटात 100 दाणे ठेवून किती उगवले ते आपण पाहतो. क्यूपीसीआर ही चाचणी तेच करते. दोन्ही टोकांना अॅडॅप्टर असलेलेच तुकडे तीत वाढतात, म्हणून माझ्या मते हीच मोजणी जास्त भरवशाची. मात्र तणही उगवतेच. नुसते अॅडॅप्टर एकमेकांना चिकटून झालेले, सव्वाशे जोड्यांच्या आसपासचे तुकडेही तीत मोजले जातात. ते लांबीच्या तपासणीतच पकडले जातात.

तेव्हा असा कागद आला तर घाबरू नये. प्रयोगशाळेकडे मूळ डीएनए उरला आहे का, आणि गावातल्या पॅथॉलॉजिस्टकडे मेणाचा ठोकळा शिल्लक आहे का, हे आधी विचारावे. पुष्कळदा त्यातून नवी लायब्ररी करता येते व सुई टळते.