आधी ताकद, मग बारीक होणे
बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान पाहून पोट सुटलेला माणूस ठरवतो: आधी बारीक होऊ, मग वजने उचलू. हा क्रमच उलटा आहे. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजने उचलली, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीचपटीहून अधिक झाली. मग चाळिशीतल्याने कशाला थांबायचे? गुडघे जातील ही भीती अगदीच खोटी नाही, पण दोष बहुधा घाईचा असतो. खुर्चीवरून उठबस, भिंतीवर हात टेकून जोर, मग हलके डंबेल. सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस पुरेत. जिमची वर्षाची फी नंतर भरली तरी चालते. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.