सशांचे रोग व प्रयोगशाळेचा धडा

मुंबईंत प्लेगचा कहर चालू असतां डॉ. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत प्लेगची लस तयार केली, ती आधीं सशांना टोंचून पाहिली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःलाच टोंचून घेतली. ही हकीकत आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु प्रयोगाचा ससा मुळांत निरोगी असावा लागतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्याला निसर्गतः जडलेला रोग ओळखला नाहीं, तर दोष लशीच्या माथीं बसतो. म्हणूनच सशांच्या रोगांचा अभ्यास प्रयोगशाळांतून बारकाईनें झाला. शिरूर व दौंड तालुक्यांत जोडधंदा म्हणून ससे पाळूं इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंस तो आयताच उपयोगी आहे.

सर्वांत घातक रोग कॉक्सिडिओसिस. सूक्ष्म परोपजीवी आंतड्यांत किंवा यकृतांत वाढतात. नुकतीं दूध तुटलेलीं पिलें पोट फुगून, हगवण लागून मरतात. रोग यकृतांत असल्यास तेथें पांढऱ्या गांठी आढळतात. अशा वेळीं जातीला किंवा विकणाऱ्याला दोष देऊन धंदा मोडणें व्यर्थ होय. ह्या परोपजीवींचीं अंडीं ताज्या लेंडींत बाधक नसतात. ओल व हवा मिळून एक ते तीन दिवसांत तीं बाधक होतात. तेव्हां लेंड्या रोजच्या रोज काढाव्या, पिंजऱ्याचा तळ जाळीचा व कोरडा ठेवावा, चारा खालीं न टाकतां गव्हाणींत द्यावा. औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच द्यावें.

नाक वाहून पुढचे पाय चिकट झालेला, किंवा कानांत जाड खपल्या धरलेला ससा तत्काळ वेगळा करावा.

आपल्या भागांत ऊन हेंही रोगाइतकेंच घातक आहे. सशाला घाम जवळजवळ येत नाहीं. अंगची उष्णता तो मुख्यतः कानांवाटें टाकतो. वैशाखांत पारा चाळीस अंशांवर गेला म्हणजे उघड्या पत्र्याखालीं तो धापा टाकून मरतो, व वांचलेल्या नराची प्रजननशक्ति कांहीं काळ घटते. छपरावर उसाचें पाचट घालावें, बाजूंस ओलें गोणपाट लावावें, परंतु पिंजऱ्यांत ओल होऊं देऊं नये.

नवा ससा दोन-तीन आठवडे निराळा ठेवल्याविना कळपांत सोडूं नये. प्रयोगशाळाही हाच नियम पाळतात. रानांतील ससा धरून पाळणें तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हाच आहे. ज्याच्यानें रोज सकाळीं झाडलोट होणार नाहीं, त्यानें ह्या धंद्यांत पैसा घालूं नये, असें आम्ही स्पष्ट सांगतों.